पाच वॅट पुरे



गॅदरिंगला मी गिटार घेऊन उभा राहिलो आणि माइकच बंद पडला, हे तुम्ही कोणीच विसरलेलं नाहीत, ते मघाशी चहाच्या वेळी कळलं. त्याचा वचपा म्हणून की काय, नोकरी लागल्यावर मी ५० वॅटचा व्हॉल्व्हचा अँप घेतला. मुलुंडच्या वन रूम किचनमध्ये त्याचं बटण एकच्या पुढे गेलं नाही. व्हॉल्व्ह ताण पडल्याशिवाय खुलत नाही. दबक्या आवाजात मिळमिळीत वाजतो. पुढे बाबा अंथरुणाला खिळले आणि गिटार माळ्यावर गेली, ती २२ वर्षं.

निवृत्तीनंतर ५ वॅटचा घेतला. आत एक १२एएक्स७, एक ईएल८४. वॅट दहावा हिस्सा, पण आवाज साधारण निम्माच होतो. कान लॉगॅरिदमने ऐकतो. सर, तुमचं कोष्टक अखेर कामी आलं! म्हणजे फ्लॅटमध्ये ५ वॅटही भरपूर. एक वॅटवर आणायची सोय असली तर उत्तम.

रेकॉर्डिंग मी स्पीकरसमोर साधा माइक ठेवून करतो. गप्प वाजवायचं म्हणून स्पीकरची वायर मात्र काढू नका. त्याजागी लोड बॉक्स नसेल तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अमेरिकेतल्या लेकाने आणलेला १२० व्होल्टचा अँप आपल्या २३० वर थेट लावू नका. आणि मागचं झाकण उघडू नका. बंद केल्यावरही कपॅसिटर जीवघेणा झटका देतात.

आज तो सोबत आणलाय. तापायला अर्धा मिनिट द्या. माइक लागणार नाही.