संगणकाचा दिवाणजी



आपल्या सोलापुरी चादरीवर जी वेलबुट्टी उमटते, ती जॅकार्ड नांवाच्या यंत्रामुळें. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार यानें तें १८०४ सालच्या सुमारास सिद्ध केलें. नक्षीचा आराखडा प्रथम चौकटींच्या कागदावर काढावयाचा, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोंकें पाडावयाचीं आणि त्या पट्ट्या मागावर चढवावयाच्या. भोंक असेल त्याप्रमाणें ताण्याचे धागे उचलले जातात आणि नक्षी विणली जाते. पुढें इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यानें आपल्या नियोजित गणनयंत्रासाठीं भोंकांच्या पट्ट्यांची हीच कल्पना घेतली. तेव्हां संगणकाचें आणि आपल्या गांवच्या मागाचें नातें फारसें दूरचें नाहीं. पट्टी सांगेल तेवढेंच माग करतो. नक्षी कोणाची, चादर कोणाच्या घरीं जाणार, याची तो चौकशी करीत नाहीं.

घरोघरच्या संगणकाचा स्वभावहि कालपर्यंत असाच होता. संगणक सुरू होतांच त्याचा सर्व कारभार जी हातीं घेते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज, मॅक-ओएस, लिनक्स हीं तिचीं प्रसिद्ध नांवें. पेढीवरील दिवाणजीशीं तिची तुलना शोभेल. किल्ल्या त्याच्याजवळ, दप्तरें त्याच्या ताब्यांत, कोणास आंत सोडावयाचें हेंहि तोच ठरविणार. परंतु मालकाच्या टपालांतील मजकूर वाचून त्यावर मत देणें हें त्याचें काम नव्हे. आज पालटलें आहे तें नेमकें हेंच. दिवाणजी आतां मजकूर वाचूं लागला आहे, सल्ला देऊं लागला आहे, आणि सांगितल्यास पत्राचा मसुदाहि करूं लागला आहे.

हा पालट किती झपाट्यानें झाला तें पाहा. जानेवारी २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें संगणकाच्या कळफलकावर या नव्या साहाय्यकासाठीं एक स्वतंत्र कळ आणल्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं ॲपल कंपनीनेंहि आपल्या मॅक-ओएसमध्यें कृत्रिम बुद्धिमत्ता अंतर्भूत केली. पुढच्या वर्षीं तर दोन्ही कंपन्यांनीं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठीं नवीं साधनें पुढें केलीं. पूर्वीं एखाद्या तरुणास आपल्या प्रोग्रॅममध्यें अशी बुद्धि घालावयाची असल्यास दूरच्या कंपनीकडे प्रत्येक प्रश्नागणिक पैसे मोजावे लागत, आणि इंटरनेट अखंड लागे. आतां लहानशी बुद्धि ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटांतच असते आणि कोणताहि प्रोग्रॅम तिला हांक मारूं शकतो. वेगळें मोल नाहीं, इंटरनेट नसलें तरी चालतें. कारखानदाराचीं बिलें वाचून खतावणी करणारा छोटा प्रोग्रॅम सोलापुरांतल्या एखाद्या होतकरू मुलास घरीं बसून रचतां यावा, ही गोष्ट सामान्य नव्हे.

लाभाची बाजू मी मुद्दाम आधीं सांगितली. ज्याच्या घरीं तेलुगु किंवा कानडी बोलतात, शाळेंत जो मराठी शिकला, आणि प्रोग्रॅम रचण्याचीं पुस्तकें ज्यास इंग्रजींत वाचावीं लागतात, असा विद्यार्थी आपल्या शहरांत जागोजागीं भेटेल. आपली चूक कोठें झाली हें त्याच्या भाषेंत शांतपणें समजावून देणारा कोणी अहोरात्र जवळ असावा, हें भाग्यच म्हणावयाचें. मात्र येथें एक उणीव आहे. विंडोजच्या २००० सालच्या आवृत्तीपासून तींत मराठी लिहिण्याची सोय झाली. परंतु ॲपलच्या अंगभूत बुद्धीला २०२५ अखेर ज्या भाषा येत होत्या, त्यांत मराठी नव्हती. आपली भाषा न जाणणारा दिवाणजी पेढीचा हिशेब ठेवील, पण मालकिणीचें मन त्यास कळणार नाहीं.

आतां धोक्याकडे वळूं. मे २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्टनें ‘रिकॉल’ नांवाची सोय जाहीर केली. पडद्यावर जें दिसतें त्याचें छायाचित्र थोड्या थोड्या सेकंदांनीं घेऊन संगणकांतच साठवावयाचें, म्हणजे मागें पाहिलेली कोणतीहि गोष्ट शोधून काढतां येते. कल्पना चतुर खरी. परंतु ही साठवण चोरट्यास सहज वाचतां येईल, असें जाणत्यांनीं चांचणीच्या आवृत्तीवरून दाखवून दिलें. लोकांत ओरड झाली. कंपनीस ती सोय लांबणीवर टाकावी लागली. आणि एप्रिल २०२५ मध्यें ती आली, तेव्हां साठवण कुलूपबंद झाली होती आणि मालकानें आपण होऊन सुरू केल्यावांचून ती चालूं होणार नाहीं, असें ठरलें होतें. सामान्य ग्राहकांनीं आणि अभ्यासकांनीं मिळून बलाढ्य कंपनीस पाऊल मागें घ्यावयास लावलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

परंतु आपल्या घरांपुरता प्रश्न एवढ्यानें मिटत नाहीं. पाश्चात्त्य देशांत बहुधा माणशीं एक संगणक असतो. आपल्याकडे पुष्कळ घरीं तो एकच, आणि तोहि एकाच नांवानें उघडलेला. सकाळीं वडील बँकेचें काम पाहतात, दुपारीं सून माहेरीं पत्र लिहिते, रात्रीं मुलगा अभ्यास करतो. अशा संगणकावर ही सोय एकानें सुरू केली कीं सर्वांचें खाजगी एका दप्तरांत जाऊन पडतें. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठीं आपल्या देशांत २०२३ सालीं कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें त्याचे नियमहि प्रसिद्ध झाले. परंतु घरगुती कामापुरता केलेला माहितीचा वापर त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. घरच्या माणसानें घरच्या माणसाचें दप्तर उघडल्यास तेथें कायदा आड येणार नाहीं. तेथें मर्यादा पाळावयाची ती आपणच.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. मालकाच्या वतीनें स्वतः कामें उरकणारा साहाय्यक विंडोजमध्यें आणण्याचा उपक्रम २०२५ च्या अखेरीस सुरू झाला. आणि एखाद्या कागदांत दडविलेला मजकूर आज्ञा समजून हा साहाय्यक भलतेंच करून बसण्याचा संभव आहे, असा इशारा खुद्द कंपनीनेंच दिला. परक्याच्या चिठ्ठींत ‘तिजोरी उघड’ असें लिहिलेलें वाचून दिवाणजीनें तिजोरी उघडावी, तसा हा प्रकार. आज्ञा कोणाची आणि नुसता मजकूर कोणता, हा विवेक मनुष्यास सहज येतो. यंत्रास तो अद्याप पुरता आलेला नाहीं.

म्हणून तीन गोष्टी सुचवितों. घरांतील प्रत्येकाचें संगणकावरील खातें निराळें असावें. कोणतीहि नवी सोय सुरू करण्यापूर्वीं ती काय पाहते, तें कोठें साठवते आणि कोणास देते, हे तीन प्रश्न विक्रेत्यास विचारावे. उत्तर न मिळाल्यास ती बंद ठेवावी. आणि मुलांनीं प्रोग्रॅम प्रथम स्वतः लिहावा, अडल्यावर यंत्रास विचारावें. सोडविलेलें उदाहरण पाहून गणित येत नाहीं, हें शाळेंत जन्म घालविलेल्या मजसारख्यानें निराळें सांगावयास नको. उद्यां पुण्यामुंबईच्या कचेरींत नोकरीस उभें राहतांना यंत्राचें काम बरोबर आहे कीं चूक, हें ज्यास पारखतां येईल त्यासच मान मिळेल.

दिवाणजी हुशार असावा. त्यांत मालकाचें हितच आहे. मात्र ज्या पेढीवर मालकानें खातेंवही पाहणें सोडलें, त्या पेढीचें पुढें काय होतें, हें आपल्या व्यापारी शहरास सांगण्याची गरज नाहीं.