गोरी नको, बरी हवी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की आपल्याकडे द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्र जागवतो. त्याच दिवसांत माझंही अंग तडकू लागतं. लहानपणापासून माझी त्वचा अशीच आहे. लोकरीचा स्वेटर अंगाला लागला की खाज, साबण बदलला की पुरळ. शाळेत शेजारच्या मुली विचारायच्या, "हे लागण होणारं आहे का गं?" तसं ते नव्हतं, पण माझ्याशेजारची जागा बरेचदा रिकामी राहायची.

जुन्या नाशकातल्या आमच्या घरात अम्मीचा यावर एकच उपाय असे. आंघोळ झाली की ओल्या अंगालाच खोबरेल चोळायचं आणि वरून जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती पोलकं घालायचं. बाकी काही नाही. "खाजवू नको," एवढं मात्र दिवसातून दहा वेळा म्हणायची.

हे सगळं ठाऊक असून मी एक चूक केली. तीच आज सांगायला आले आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या भाचीचं लग्न ठरलं. तिची त्वचा माझ्यासारखीच नाजूक. त्यात गालांवर मुरमांचे चार डाग. "खाला, फोटो चांगले यायला हवेत," म्हणाली. कुणीतरी एका मलमाचं नाव सांगितलं. मी औषधाच्या दुकानात गेले, नाव सांगितलं, ट्यूब घेऊन आले. चिठ्ठी कुणी मागितली नाही, मीही काही विचारलं नाही. पंधरा दिवसांत पोरीचा चेहरा असा उजळला की सगळं घर खूश! दोन महिन्यांनी मात्र गाल लालबुंद झाले, बारीक पुळ्या उठल्या, उन्हात गेली की आग आग व्हायची. मलम बंद केलं की त्रास दुप्पट, लावलं की तात्पुरतं बरं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्यूब हातात घेतली आणि म्हणाले, "यात स्टिरॉइड आहे. हे कुणी दिलं?" पोरगी गप्प बसली. मी म्हणाले, "मीच."

स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. इसबासारख्या आजारात डॉक्टर ते मोजून, ठरावीक दिवसांसाठी देतात, आणि तिथे ते कामी येतं. पण गोरेपणासाठी रोज चेहऱ्याला फासलं की त्वचा पातळ होते. गजकर्णावर लावलं तर खाज थांबते आणि आतून बुरशी पसरत राहते. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे, पण चिठ्ठी मागायला आणि दाखवायला दोघांनाही सवड हवी ना! गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये तर पारा असतो. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. एकाच घरातल्या आई आणि दोन मुली, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. शोध घेतला तेव्हा ब्यूटी पार्लरमधून आणलेल्या क्रीममध्ये पारा सापडला.

डॉक्टरांनी मला त्वचा समजावून सांगितली ती अशी. सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत. मेलेल्या पेशी या विटा, आणि त्यांच्यामधली स्निग्धता हा चुना. नाजूक त्वचेत हा चुनाच कमी असतो. त्यामुळे आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. म्हणजे आपलं काम भिंत घासण्याचं नाही, ती लिंपण्याचं आहे.

हे कळल्यावर मी आपल्या स्वयंपाकघराकडे नव्याने पाहिलं. घरगुती म्हणजे निरुपद्रवी, असं आपण धरून चालतो. लिंबू घरगुतीच आहे, पण ते जहाल आंबट. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर फोड येतात, काळे डाग पडतात. खाण्याचा सोडा, लसूण, मुरमावर टूथपेस्ट, हे सगळं भिंत पोखरणारं. उटणं दिवाळीला एक दिवस ठीक, पण भरड उटण्याने रोज घासलं तर ओरखडे उठतात. कोरफडीचा गर थंड खरा, पण सालीलगतचा पिवळा चीक नीट निथळू दिला नाही तर तोच खाज आणतो.

मग करायचं काय? अगदी साधं. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत आटोपती. साबण सौम्य, बिनवासाचा, आणि तोही काखा, जांघा, पाय एवढ्यापुरता. टॉवेलने पुसायचं ते टिपून, रगडून नाही. अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधी पेट्रोलियम जेली लावायची. मुरमं येणाऱ्या चेहऱ्याला मात्र खोबरेल नको, त्याने छिद्रं बुजतात. खाज फार असेल तर मूठभर ओट मिक्सरमधून अगदी बारीक दळून मलमलीच्या कापडात बांधावेत, कोमट पाण्यात भिजवून पिळावेत आणि ते दुधाळ पाणी अंगावर घ्यावं. आग होत असेल तिथे गार पाण्याची घडी ठेवावी. स्वेटरच्या आत सुती कपडा घालावा. कपडे धुताना एक पाणी जास्त काढावं, म्हणजे साबण राहत नाही. आणि कुठलीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहावी. तिथे सोसली तर चेहऱ्याला.

या उपायांनाही हद्द आहे, बरं का. शेतात काम करणाऱ्या कुणाच्या पापण्या, मान, हात, असा उघडा भागच खाजून जाड होत असेल, तर बांधावर गाजर गवत आहे का ते आधी पाहा. परदेशी धान्याबरोबर आलेलं हे गवत पुण्यात 1950 च्या दशकात पहिल्यांदा नजरेस आलं आणि पुढे महाराष्ट्रभर पसरलं. ते गवत भोवती असेपर्यंत कितीही खोबरेल चोळलं तरी उपयोग नाही. पू झाला, पाणी सुटलं, ताप आला, तोंड सुजलं किंवा दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर डॉक्टरच गाठावा.

आता भाचीचं काय झालं ते सांगते. डॉक्टरांनी ते मलम टप्प्याटप्प्याने सोडवलं. बरं व्हायला महिने लागले, आणि निकाहची तारीख तर दारात उभी. काळ्या मेंदीचे कोन आम्ही आणले नाहीत. त्यातल्या रसायनाने हात भाजल्याचे फोटो डॉक्टरांनी दाखवले होते. शेजारच्या अंगणातला पाला वाटून लावला. रंग केशरी आला. निकाहच्या दिवशी तिच्या गालांवर लाली होती, पण ती लाजेची नव्हती, माझ्या चुकीची होती. फोटोवाला म्हणाला, "काँप्युटरवर गोरं करून देतो." ती म्हणाली, "नको भैया, आहे तशीच राहू द्या."

तो फोटो माझ्या टेबलावर आहे. कविता लिहिताना एक शब्द बदलला की अर्थ पालटतो, हे मला ठाऊक होतं. पोरीच्या बाबतीत ते उशिरा उमगलं. मुलीची त्वचा गोरी व्हावी असं न म्हणता बरी व्हावी असं म्हणायला हवं होतं.