पहिली फेरीच खरी: स्की पेट्रोलर शिकतात कसे?

आजचा विषय आहे स्की पेट्रोलर आणि त्यांना शिकवणारा कोच. आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे बर्फ बघायचा तर फ्रीज उघडावा लागतो, मग हे कशाला? कारण हातापायाचं काम माणूस शिकतो कसं, हे समजून घ्यायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलं नाही. इथे शिकणाऱ्याची चूक दुसऱ्याच्या अंगावर येते. आणि तो दुसरा आधीच जखमी असतो.

आधी हे लोक कोण ते सांगतो. स्की रिसॉर्टवर पर्यटक यायच्या आधी उतार तपासायचे, धोक्याच्या जागी खुणा लावायच्या, कोणी पडलं तर तिथे पोचून प्रथमोपचार करायचे आणि त्याला सुखरूप खाली आणायचं, हे काम स्की पेट्रोलचं. काही जण पगारी असतात, बरेच जण स्वयंसेवक. अमेरिकेतली नॅशनल स्की पेट्रोल ही संघटना १९३८ साली सुरू झाली. ती उभी केली मायनॉट डोल या माणसाने. १९३६ मध्ये व्हरमाँट राज्यातल्या स्टो इथे स्कीइंग करताना त्याचा घोटा मोडला होता, आणि त्याला छपराच्या पत्र्यावर घालून खाली आणावं लागलं होतं. त्याच वर्षी त्याचा मित्र फ्रँक एडसन स्कीच्या शर्यतीत अपघात होऊन वारला. जखमी माणसाला खाली आणायची नीट व्यवस्था हवी, ही गोष्ट त्यानंतर डोलने मनावर घेतली.

त्या पत्र्याच्या जागी आज टोबॉगन असतं. लांबट, होडीसारखी घसरगाडी, पुढे दोन लांब दांडे. पेट्रोलर त्या दांड्यांच्या मधे उभा राहतो. पायात स्की, पाठीमागे गाडी, गाडीत पट्ट्यांनी बांधलेला पेशंट. उतार फारच तीव्र असला तर मागे आणखी एक जण दोर धरून असतो. म्हणजे विचार करा, एक अख्खा माणूस तुमच्या पाठीवर येऊ पाहतोय आणि तुम्ही त्याला वेग न वाढू देता, धक्का न देता खाली न्यायचंय.

यात सगळ्यात कामाचं कौशल्य म्हणजे साइडस्लिप. स्की उताराला आडव्या ठेवायच्या आणि त्यांच्या धारेने बर्फ कमीजास्त पकडत हळूहळू खाली घसरायचं. धार जास्त रोवली की थांबता, सैल केली की घसरता. एका बाजूला तोंड करून घसरता घसरता दुसऱ्या बाजूला वळायचं असतं, आणि नेमकं त्या वळणावर पकड क्षणभर सुटते. गाडी तेव्हाच ढकलते.

आता कोच हे शिकवतो कसं? सरळ पद्धत अशी: सकाळी उजवीकडचं साइडस्लिप दहा वेळा, मग डावीकडचं दहा वेळा, मग वळण दहा वेळा. प्रत्येक फेरीनंतर कोच सांगणार, गुडघे वाक, खांदे खाली, वजन पुढे. दहाव्या फेरीपर्यंत पोरगं झकास करायला लागतं. कोच खूश, पोरगं खूश. यादीत टिकमार्क.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला ओळखीचं नाव आहे. ज्या डेटावर मॉडेल शिकवलं, त्याच डेटावर त्याची परीक्षा घेतली. मार्क भारी येणारच. खरी गंमत प्रॉडक्शनमध्ये कळते.

पेट्रोलरचं प्रॉडक्शन कसं असतं बघा. तो वरच्या खोलीत बसलाय. रेडिओ वाजतो. अमुक उतारावर पाय मोडलाय, टोबॉगन घेऊन या. त्या दिवसातली टोबॉगनची त्याची ती पहिलीच फेरी असते. वॉर्म-अप नाही, शेजारी कोच नाही, बर्फ कालच्यापेक्षा वेगळा, गाडीतलं वजन वेगळं. सरावातली दहावी फेरी इथे कधीच येत नाही, इथे कायम पहिलीच असते. त्यामुळे शिकलं की नाही हे बघायचं तर पहिली फेरी बघायची. आजचा सगळा भाग या एका वाक्यावर उभा आहे.

यामागे बरंच संशोधन आहे, त्यातलं थोडं सांगतो. १९७९ साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी लोकांना हातांच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या. एका गटाने एक हालचाल पूर्ण करून मग दुसरी घेतली, दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून केल्या. सराव चालू असताना मिसळून करणारे मागे पडत होते. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा तेच पुढे होते. असं का? एकच गोष्ट सलग दहादा करताना मेंदूला प्रत्येक वेळी नव्याने जुळवाजुळव करावी लागत नाही, मागचंच कॉपी-पेस्ट चालतं. मिसळून केलं की प्रत्येक वेळी आठवावं लागतं, नव्याने उभं करावं लागतं. आणि रेडिओ वाजल्यावर नेमकं हेच करायचं असतं.

यातली खरी गोम २००१ च्या एका प्रयोगात दिसते. सायमन आणि बियॉर्क यांनी शिकणाऱ्यांनाच विचारलं, उद्या तुम्हाला कितपत जमेल? सलग सराव केलेल्यांना वाटलं, आपल्याला छान जमणार. दुसऱ्या दिवशी तेच मागे पडले. म्हणजे ‘मला येतंय’ ही भावना इथे चक्क फसवते. आणि ती फक्त शिकणाऱ्याला फसवत नाही, बाजूला उभं राहून बघणाऱ्या कोचलाही फसवते. मिसळून सराव घेणाऱ्या कोचच्या बॅचमध्ये पोरं धडपडतात, वैतागतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, याला शिकवता येत नाही.

दुसरी गोष्ट सूचनांची. सारखं सांगत राहणं म्हणजे चांगलं शिकवणं, असं आपल्याला वाटतं. विन्स्टीन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, दुसऱ्याला निम्म्याच वेळा, आणि तेही हळूहळू कमी करत. नंतर निकाल न सांगता परीक्षा घेतली तेव्हा कमी ऐकलेल्यांना जास्त लक्षात होतं. रस्त्याचं उदाहरण घ्या. रोज मॅप लावून गेलात तर सहा महिन्यांनी नेट गेल्यावर वळण आठवत नाही. कोचचा आवाज हा तसा मॅप आहे. डोंगरावर तो बंद असतो. मग कोचने गप्प बसायचं का? नाही. फेरी झाली की आधी विचारायचं, “काय जाणवलं? गाडीने कुठे ढकललं?” शिकणाऱ्याला स्वतःच्या पायाखालचं वाचू द्यायचं. मग एकच गोष्ट सांगायची, पाच नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते: लक्ष कुठे ठेवायचं. १९९८ मध्ये गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्की सिम्युलेटरवर उभं केलं. काहींना सांगितलं, बाहेरच्या पायाने जोर द्या. काहींना सांगितलं, पायाखालच्या चाकांवर जोर द्या. खरं तर दोन्ही एकच. पण चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. स्वतःच्या अवयवांवर पहारा ठेवला की शरीर आखडतं. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करून बघा, अडखळाल.

म्हणून ‘गुडघे वाक, घोटा आत घे’ याऐवजी ‘धारेने बर्फ सारखा पसरव, पोळीवर तूप पसरवतात तसा’ असं सांगितलं तर अंग आपोआप योग्य जागी येतं. किंवा ‘पेशंटच्या हातात चहाचा कप आहे, सांडू देऊ नकोस’. यात एकाही अवयवाचं नाव नाही, तरी खांदे, कंबर, गुडघे सगळे कामाला लागतात. शिवाय हे ऐकताना गाडीत कोणीतरी आहे याची आठवण राहते.

मग एका दिवसाचा आराखडा कसा दिसेल? अगदी नवख्याला सौम्य उतारावर, रिकामी गाडी घेऊन, एकच गोष्ट काही वेळा सलग करू द्या. सुरुवातीला डोकं आधीच भरलेलं असतं, तेव्हा मिसळ करून उपयोग नाही. ढोबळ आकार आला की मात्र लगेच मिसळा. कोच खालून हात दाखवेल तसं: उजवं, थांब, वळण, डावं, पुन्हा थांब. क्रम दर फेरीला वेगळा. रिकामी गाडी, मग हलका माणूस, मग जड. सकाळचा टणक बर्फ, दुपारचा भुसभुशीत. एका दिवसात चार तास कोंबण्यापेक्षा चार दिवस एकेक तास. आणि दर वेळी पहिली फेरी काहीही न शिकवता, न सांगता करायला लावायची आणि तिचीच नोंद ठेवायची. दिवसाच्या शेवटी किती सफाई आली, हे वहीत लिहायचंच नाही.

इथे कोणी विचारेल, चुका करत शिकायचं ठीक, पण गाडीत माणूस असताना? रास्त प्रश्न आहे. उत्तर असं की चुका कुठे होऊ द्यायच्या, हे कोचने ठरवायचं. रिकामी गाडी, खाली मोकळी जागा, मागे दोर धरायला अनुभवी माणूस, अशा ठिकाणी भरपूर चुकू द्या. तीव्र उतारावर, माणूस बसवून प्रयोग नकोत. आम्हीही नवीन कोड आधी टेस्टिंगच्या सर्व्हरवर आपटून घेतो, ग्राहकाच्या अंगावर नाही. ज्या कोचच्या सरावात कोणी चुकतच नाही, त्याने त्या चुका फक्त पुढे ढकलल्यात. त्या पेशंटच्या वाट्याला येणार.

सह्याद्रीत कड्याखाली अडकलेल्या ट्रेकरला स्ट्रेचरवरून आणणारे स्वयंसेवक आपल्याकडेही आहेत. बर्फ नाही, पण हिशोब तोच. पावसाळ्यातली निसरडी वाट, रात्रीची वेळ, आणि त्यांचीही पहिलीच फेरी.

तुमच्यापैकी कोणी गाडी शिकत असेल, कोणी तबला, कोणी पोहणं, कोणी धाकट्या भावाला बॉलिंग शिकवत असेल. या आठवड्यात एवढंच करून बघा. शेवटचा प्रयत्न कसा झाला ते विसरा. दोन दिवस मधे जाऊ द्या, मग कुठलीही तयारी न करता एकदाच करा आणि मोबाइलवर शूट करा. ते बघून वाईट वाटलं तरी हरकत नाही, खरा आकडा तोच आहे. काय दिसलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या!