छातींतील जळजळ : आहार आणि दिनचर्या

छातीच्या हाडामागें होणारी जळजळ, घशाशीं येणारें आंबट पाणी आणि त्यापायीं मोडणारी झोप, या तक्रारी शहरांतील सुशिक्षित कुटुंबांच्या इतक्या परिचयाच्या झाल्या आहेत कीं, त्यांस कोणी रोग म्हणून गणीत नाहीं. ‘पित्त झालें’ एवढ्या दोन शब्दांत त्यांची बोळवण होते. थंड दूध, सोडा किंवा दुकानांतून आणलेली एखादी गोळी घेतली, म्हणजे प्रकरण मिटलें असें समजण्यांत येतें. वस्तुतः तें मिटत नाहीं. चार रात्रींनीं पुनः उद्भवतें. म्हणून या जळजळीचें मूळ कोठें आहे आणि आहार व नित्याच्या सवयी यांच्या साह्यानें तिला आळा कसा घालतां येईल, याचा विचार करणें अगत्याचें आहे.

भारतीय वैद्यकाला हा विकार नवा नाहीं. ‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथांत अम्लपित्तावर स्वतंत्र प्रकरण आहे. जठररसांतील आम्ल हें हायड्रोक्लोरिक आम्ल होय, हें विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यानें १८२३ सालीं दाखविलें. हें आम्ल माणसाचें शत्रु नव्हे. अन्नांतील प्रथिनांचें पचन त्याच्या साह्यानें सुरू होतें आणि अन्नाबरोबर पोटांत गेलेले पुष्कळसे जंतु त्यांत मरतात. जठराच्या आंतल्या बाजूस श्लेष्म्याचें अस्तर असल्यामुळें जठर स्वतः भाजत नाहीं. घशापासून जठरापर्यंत जाणाऱ्या, सुमारें २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेला मात्र असें संरक्षण नसतें. तिच्या खालच्या टोकाशीं स्नायूंचें एक वलय असतें. घास उतरतांना तें उघडतें आणि लगेच मिटतें. तें अवेळीं सैल पडलें, अथवा खालून दाब वाढला, कीं आम्ल वर चढतें व जळजळ होते. चुलींतला विस्तव चुलींत असेपर्यंत अन्न शिजवितो. तोच घरांत पसरला तर घर जाळतो. बहुतेक रोग्यांच्या पोटांत आम्ल प्रमाणाबाहेर वाढलेलें नसतें. तें नको त्या जागीं गेलेलें असतें. हा भेद ध्यानांत आला कीं उपायांची दिशाहि बदलते.

आम्लाला वर चढविणारीं कारणें बहुधा रोजच्या व्यवहारांतलींच आहेत. तडस लागेपर्यंत जेवलें कीं जठर ताणलें जातें. तळलेलें व तेलकट अन्न जठरांतून लौकर पुढें सरकत नाहीं. पोटाभोंवतीं वाढलेली चरबी, घट्ट आवळलेला पट्टा किंवा करकचून बांधलेली परकराची नाडी यांनीं आंतला दाब वाढतो. तंबाखू व मद्य यांनीं वलय सैल पडतें. परंतु सर्वांत मोठें कारण म्हणजे भरल्या पोटीं आडवें होणें. बसलेल्या किंवा उभ्या माणसाच्या पोटांतील रस गुरुत्वाकर्षणामुळें खालीं राहतो. निजलेल्या माणसास तें साह्य मिळत नाहीं. शिवाय झोपेंत लाळ फारशी गिळली जात नाहीं, त्यामुळें वर आलेलें आम्ल तेथेंच रेंगाळतें.

या दृष्टीनें ठाणें जिल्ह्यांत बदलापूरच्या पूर्व भागीं असलेल्या कात्रपसारख्या वस्तीचा दिनक्रम पाहण्यासारखा आहे. कल्याणच्या पुढचा लोहमार्ग १८५६ सालीं या बाजूस आला. आज येथील अनेक कुटुंबांचें पोट मुंबईच्या नोकरीवर चालतें. बदलापूरहून छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस सुमारें ६८ किलोमीटर दूर आहे; लोकलचा एका बाजूचा प्रवासच दीड तासाच्या आसपास होतो. सकाळीं नुसत्या चहावर घर सुटतें, दुपारचा डबा घाईनें संपतो आणि संध्याकाळची भूक चहा व वडापाव यांवर मारली जाते. दिवसांतलें पहिलें निवांत जेवण रात्रीं दहा वाजतां होतें, आणि सकाळची गाडी गांठावयाची म्हणून अकराच्या आंत अंथरूण धरावें लागतें. घरची गृहिणी तोंवर थांबलेली असते. ती सर्वांच्या मागून जेवते, उरलेलें संपविते, ओटा आवरते आणि तशीच निजते. एकाची उशिराची गाडी अशा रीतीनें दोघांच्या छातींत जळजळ उत्पन्न करते. गाडीचें वेळापत्रक कोणाच्या हातीं नाहीं, जेवणाचें आहे.

शेवटचा घास आणि अंथरूण यांत सुमारें तीन तासांचें अंतर असावें, हा प्रतिबंधाचा पहिला नियम होय. दहाला जेवणाऱ्यानें एकपर्यंत जागावें असें कोणी म्हणणार नाहीं. त्यानें रात्रीच्या जेवणाचें ओझें दिवसाकडे सरकवावें. सकाळीं पोहे, उपमा किंवा भाकरी-भाजी खाऊन निघावें. दुपारचा डबा हेंच मुख्य जेवण मानावें. आणि सहाच्या सुमारास, कचेरी सोडण्यापूर्वीं, दुसऱ्या लहान डब्यांतील पोळी-भाजी खावी. मग घरीं आल्यावर मुगाची पातळ खिचडी किंवा मऊ वरण-भात वाटीभर पुरतो. गृहिणीनें मुलांबरोबर साडेसातला जेवून घ्यावें. पतीच्या पानाजवळ बसून दोन गोष्टी बोलण्यास तिनें उपाशी असण्याची गरज नाहीं. सर्वांची एकत्र पंगत रविवारीं दुपारीं खुशाल बसावी.

मराठी घरांतील दोन जुन्या शब्दांत या विकाराची बरीचशी चिकित्सा सांठविलेली आहे. पहिला शब्द शतपावली. जेवणानंतर सावकाश केलेल्या फेऱ्यांनीं शरीर उभें राहतें व अन्न पुढें सरकण्यास मदत होते. मात्र लगेच वांकून जड वस्तु उचलणें किंवा व्यायाम करणें टाळावें. दुसरा शब्द वामकुक्षी. जठराची मोठी पिशवी डावीकडे असते. डाव्या कुशीवर निजलें असतां आम्ल त्या पिशवींत खालीं राहतें व अन्ननलिकेचें तोंड वर राहतें. उजव्या कुशीवर याच्या उलट घडतें. आधुनिक संशोधनानेंहि डाव्या कुशीचा लाभ दाखविला आहे. रात्रीच्या त्रासावर आणखी एक उपाय म्हणजे पलंगाच्या उशाकडील पायांखालीं १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे मजबूत ठोकळे ठेवणें. नुसत्या उशांची चळत रचल्यास शरीर कमरेंत दुमडतें आणि पोटावरील दाब उलट वाढतो.

आहारांत तिखटाला सर्व दोष देण्याची रीत आहे. सुजलेल्या अन्ननलिकेला तिखट झोंबतें हें खरें. तथापि वर्ज्य पदार्थांची एकच यादी सर्वांस लागू पडत नाहीं. कोणास कॉफी बाधते, कोणास टोमॅटो, कोणास कच्चा कांदा, कोणास पुदिना. दोन आठवडे एका वहींत काय खाल्लें, केव्हां निजलें आणि जळजळ केव्हां झाली, हें टिपून ठेवावें. जो पदार्थ वारंवार दोषी ठरेल तेवढाच सोडावा. उपवासाच्या दिवशीं दिवसभर चहा पिऊन रात्रीं तुपांत परतलेली साबुदाण्याची खिचडी पोटभर खाणें, ही पोटाची विश्रांति नव्हे. थंड दुधानें क्षणभर बरें वाटतें, पण नंतर जठर पुनः आम्ल सोडतें. खाण्याच्या सोड्यांत सोडियम असल्यामुळें रक्तदाबाच्या रोग्यानें तो वारंवार घेणें हितावह नाहीं. वजन अधिक असेल तर थोडें घटल्यानेंहि पुष्कळांस लक्षांत येण्याजोगा गुण येतो.

आम्लनिर्मिति कमी करणाऱ्या औषधांपैकीं ओमेप्राझोल १९८८ सालीं बाजारांत आलें. तें गुणकारी आहे. पण वैद्याला न विचारतां महिनोनमहिने गोळ्या घेत राहणें योग्य नाहीं. घास अडकणें, कारण नसतां वजन घटणें, रक्ताची उलटी किंवा काळी शौच होणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास तपासणी लांबणीवर टाकूं नये. छातीवर दडपण येऊन वेदना हात, जबडा किंवा पाठ यांकडे जात असेल, घाम सुटत असेल, धाप लागत असेल, तर तें ‘पित्त’ समजून सोडा घेत बसूं नये. तो हृदयविकाराचा झटका असूं शकतो. महाराष्ट्रांत अशा वेळीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. गाडीच्या गर्दीला किंवा जागरणाला दोष देत घालविलेला एक तास प्राणावर बेतूं शकतो.

इतर वेळीं मात्र या जळजळीचा बंदोबस्त बव्हंशीं घरांतच होण्यासारखा आहे. त्याला महागडें पथ्य लागत नाहीं. एक जास्तीचा डबा, रात्रीचें अर्धें पान, पलंगाखालचे दोन ठोकळे आणि डावी कूस, एवढ्या सामग्रीवर पुष्कळ घरांतील रात्री शांत जातील.