ताटाचे अंदाजपत्रक
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या पंक्तीत जिलबी वाढून झाल्यावर वजन उतरविण्याविषयी बोलावयास उभे राहणे हे धारिष्ट्याचेच काम. मी डॉक्टर नाही; कला शाखेचा पदवीधर आहे, आणि सारी हयात सरकारी हिशेब तपासण्यात गेली. आज ताटाचा हिशेब मांडावयाचा आहे, एवढाच माझा अधिकार.

पन्नाशी ओलांडल्यावर एका वार्षिक तपासणीत माझे वजन ७८ किलो भरले. उंची १६८ सेंटिमीटर. म्हणजे उंची-वजनाचा निर्देशांक साडेसत्तावीसच्या पुढे. आपल्या लोकांसाठी तो २३ च्या आत असावा असे मानतात. मी रूढ मार्ग धरला. रात्रीचे जेवण सोडले, आठवड्यातून दोन उपवास धरले, आणि फळे, साबुदाणा व चहा-बिस्किटे यांवर राहिलो. पाच महिन्यांत ८ किलो उतरले. सर्वांनी कौतुक केले. पुढे याच सभागृहात सत्यनारायणाला पाटावर बसलो आणि उठताना शेजारच्या गृहस्थांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. चरबीबरोबर मांड्यांचे स्नायूही गेले होते! वर्षभरात आठही किलो परत आले, ते मात्र पोटावर.

हे आपल्याला विशेष जाचते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले व ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापले. दोघांचाही निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा दोघांनाही एकच आकडा सांगतो, देह मात्र निराळे. तेव्हा किती उतरले यापेक्षा काय उतरले, हे आपण पाहिले पाहिजे.

मग मी कचेरीतल्या सवयीने अंदाजपत्रक मांडले. आधी एकूण रक्कम. वय तेव्हा ५२. वय, वजन आणि उंची यांवरून मिफ्लिन-सेंट जोर या १९९० सालच्या सूत्राने, बैठ्या कामाची भर धरून, रोजचा खर्च सुमारे २२०० उष्मांक निघाला. त्यातून ५०० वजा केले; राहिले १७००. तुटीचे अंदाजपत्रक सरकारला दूषण, येथे तेच भूषण!

पहिले लेखाशीर्ष प्रथिनांचे. ते आधी भरावयाचे, आणि त्यातून दुसरीकडे पुनर्विनियोजन करण्याची मुभा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीत निरोगी प्रौढास किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. वजन उतरविताना स्नायू राखण्यासाठी अधिक लागतात. मी उंचीला शोभेल असे ६२ किलो वजन धरून किलोमागे १.२, म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम ठरविले. ग्रॅमला ४ उष्मांक याप्रमाणे ३०० झाले. स्निग्ध पदार्थ ५० ग्रॅम. त्यांच्या ग्रॅमला ९ उष्मांक, म्हणून ४५०. उरलेल्या ९५० मध्ये सुमारे २३५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ बसतात.

कागदावर हे सोपे. ताटात पाहू गेलो तो डोळे उघडले. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरात तराजू आणला, तेव्हा आमच्या घरच्या वाटीभर वरणात कोरडी तूरडाळ जेमतेम २० ग्रॅम निघाली. म्हणजे प्रथिने चार-साडेचार ग्रॅम. ज्या वरणाच्या भरवशावर आपण जन्म काढला त्याची ही पुंजी! साबुदाण्यात तर प्रथिने जवळजवळ नाहीतच, सारे पिष्ट. शेंगदाण्यात आहेत, पण त्यांहून तेल अधिक. दिवसाची बेरीज ४२ ग्रॅमच्या पुढे सरकेना.

म्हणून वरण घट्ट झाले, रोज एक उसळ आली. डाळ-कडधान्य मिळून कोरडे ६० ग्रॅम, त्यांतून १३ ग्रॅम. दूध-दही मिळून अर्धा लिटर, त्यातून १६. पनीर ५० ग्रॅम, त्यातून ९. एका अंड्याचे ६. चार फुलक्यांचे १२. सोयाबीनच्या वड्यांना घरातून प्रथम साफ नकार मिळाला. परंतु गावाहून आलेल्या गोड्या मसाल्याच्या रश्शात त्या पडल्या आणि विरोध मावळला. कोरड्या ३० ग्रॅम वड्यांतून १५. उरलेले भात-भाजीतून. भात दोन वाट्यांचा एक झाला, आणि तेल चमच्याने मोजून; लहान चमचा म्हणजे ५ ग्रॅम, ४५ उष्मांक. फोडणीच्या पळीला हे कोण सांगणार!

ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, किंवा जे मधुमेहासाठी इन्सुलिन वा गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून यातले काहीही करू नये. आहार घटला आणि औषध तेवढेच राहिले, तर रक्तातील साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते.

या खेपेस वजन सावकाश उतरले. वर्षभरात ७ किलो. जोडीला आठवड्यातून तीन दिवस उठाबशा होत्याच. वजन घटले की शरीराचा खर्चही घटतो, म्हणून दर तिमाहीस सुधारित अंदाज करावा लागतो. सणावाराच्या दिवशी हिशेब आठवड्याचा धरतो. गणपतीत मोदकाला नाही म्हणण्याइतका मी कर्मठ नाही.

परवाच्या सत्यनारायणाला पाटावरून आधाराशिवाय उठलो. आणि आजच्या जिलबीविषयी म्हणाल, तर ती मी खाल्ली आहे. तिची तरतूद पिष्टमय पदार्थांच्या शीर्षाखाली सकाळीच करून ठेवली होती.