शाळेची सहल आणि आपलं बडोदं



बडोद्यातल्या ख्रिस्ती प्राथमिक शाळांतली मुलं सहलीला निघाली की बस बहुतेक शहराबाहेर जाते. पाण्यात खेळून मुलं आनंदानं घरी येतात. त्या आनंदाला माझा विरोध नाही. पण त्याला शैक्षणिक सहल म्हणायचं असेल, तर तिसरी-चौथीच्या मुलानं आधी स्वतःचं बडोदं पाहिलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

फतेगंजपासून सुरुवात करा. १८२५ साली कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर मुंबईच्या वाटेवर बडोद्यात थांबले. दुसऱ्या सयाजीरावांना भेटले, फतेगंजमधल्या चर्चचं अर्पणविधीपूर्वक उद्घाटन केलं आणि हा सगळा प्रवास लिहून ठेवला. ज्या मुलांची प्रार्थना रोज इथे होते, त्यांना हा धागा कोणी दाखवतं का?

मग रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या या लाकडी वाड्याच्या भिंतींवर कृष्णलीला आहे, महाभारत आहे, इंग्रज-मराठ्यांच्या लढाया आहेत आणि टोपीवाले गोरे साहेबही आहेत. इथे बाईंनी भाषण करू नये. चार-चार मुलांना एकेक भिंत द्यावी आणि विचारावं: यात कोण कोण आहे, कुणाच्या हातात काय आहे, चित्रकारानं हे पाहून काढलं असेल की ऐकून? अर्धा तास एकाच भिंतीपुढे बसलेलं मूल जे शिकतं, ते दहा ठिकाणं धावत पाहून येत नाही. आणि धर्म वेगळा म्हणून ख्रिस्ती मुलाला कृष्णाचं चित्र परकं वाटेल, ही भीती मोठ्यांची आहे. मुलाला आधी मोर आणि गाय दिसते.

सयाजीबागेतलं म्युझियम सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा मुलांना पावलांनी मोजू द्या. फलकावरचा आकडा नंतर वाचावा.

या सगळ्याला खर्च किती? डबा घरचा, अंतर थोडं. सहलीचे पैसे भरता आले नाहीत म्हणून वर्गातलं एक मूल घरी राहतं, ही गोष्ट मला फार लागते. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यांच्या शहरात सहल मात्र ऐपतीवर ठरावी, हे पटण्यासारखं नाही.

शहराच्या वाडी भागातल्या ज्येष्ठांकडे माझं एक मागणं आहे. बडोद्याची जुनी मराठी बोलणारी, पेठांची माहिती असलेली तुमच्यासारखी माणसं शिक्षकांना कुठे मिळणार? दिवाळीनंतर सहलींचे दिवस येतात. त्याआधी शाळांकडे जा, मुख्याध्यापकांना भेटा, आणि एका वर्गाबरोबर एक सकाळ चालण्याची तयारी दाखवा.