मुठीच्या मापाचे पिस्तूल

कवी माणसाने पिस्तुलावर बोलावे, हे आपल्याला जरा विचित्र वाटेल. मलाही वाटते. माझ्या कवितांत एसटी स्टँड आहे, अम्मीचे शिलाई मशीन आहे, पावसात भिजणारे कबुतर आहे. पिस्तूल एकदाही आलेले नाही. पण गेले सहा महिने आमच्या मिरजेच्या घरात सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत एकच विषय चालला होता : धाकटीसाठी स्वतःचे पिस्तूल घ्यायचे की नाही?

धाकटी सतरा वर्षांची. तीन वर्षे कोल्हापूरच्या रेंजवर जाते, सकाळच्या गाडीने. कोल्हापूरला नेमबाजीचे वेड आहेच. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले, स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसहून ऑलिम्पिक पदक आणले. अशी नावे ऐकत मुली मोठ्या होतात आणि बापांची झोप उडते.

आमचा प्रकार 10 मीटर एअर पिस्तूल. यात काडतूस नसते, दारू नसते. दाबलेल्या हवेने 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छरा सुटतो. सव्वा तासात 60 नेम. दहा गुणांचे वर्तुळ केवळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. तेही एका हाताने, आधाराशिवाय.

रेंजवरचे पिस्तूल चार मुलांत मिळून एक. त्याची लाकडी मूठ मधल्या मापाची आणि धाकटीचा पंजा लहान. ती म्हणायची, ‘‘अब्बा, नेम चुकला की मला कळतच नाही, मी चुकले की मूठ हातात फिरली.’’ मी आधी हे बहाणे समजलो. मग एका रात्री त्रैराशिक मांडले. पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण 33 सेंटीमीटर अंतर. मूठ किंचित वळून माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर छरा सुमारे 30 मिलिमीटर बाजूला जातो. बटण केव्हाच हुकले! तेव्हा कळले, पोरगी बरोबर बोलते आहे.

पण नव्या पिस्तुलाची किंमत आम्हाला सांगितली गेली ती दोन लाखांच्या घरातली. माझ्याकडे होते तिसऱ्या कवितासंग्रहासाठी साठवलेले साठ हजार. आपल्याकडे कवीला बहुधा स्वतःचे पैसे घालून पुस्तक काढावे लागते, हे आपण जाणताच. बेगम म्हणाली, ‘‘मोठीने बी.एड. केलं ते मैत्रिणीच्या जुन्या पुस्तकांवर. तिला आपण सायकलसुद्धा घेतली नाही. आता धाकटीला दोन लाखांचं पिस्तूल? मोठीला काय वाटेल?’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आणखी एक गोष्ट मनात होती, ती कुणाला सांगितली नव्हती. एकदा स्पर्धेसाठी रेंजचे पिस्तूल घेऊन आम्ही दोघे निघालो होतो. स्टेशनवर पोलिसाने पेटी उघडायला लावली. धाकटीने रेंजचे कार्ड आणि स्पर्धेचे पत्र दाखवले. या ताकदीच्या, या मापाच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, हेही सांगितले. त्याने पत्रावरचे नाव वाचले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा नाव वाचले. शेवटी ‘‘किती मार्क पडतात गं?’’ असे विचारून त्याने पेटी परत केली. तो काही वाईट बोलला नाही. पण गाडीत माझे हात थरथरत होते. धाकटी मात्र खिडकीतून बाहेर पाहत शांत बसली होती. अशी पेटी कायमची घरात आणायची का, हा माझा खरा प्रश्न होता.

वाट दाखवली ती आमच्या गल्लीतल्या सतारमेकर चाचांनी. मिरजेचे तंबोरे देशभर जातात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. चाचा म्हणाले, ‘‘शिकणाऱ्यानं आधी दुसऱ्याच्या तंबोऱ्यावर गावं. आवाज ठरला, पट्टी ठरली, की मग आपलं वाद्य. पोरीचा हात वाढायचा थांबला का? मग आधी मूठ कर. बाकीचं मग बघ.’’

म्हणजे पिस्तूल नंतर, मूठ आधी! प्रशिक्षकांनी परवानगी दिली. रेंजच्या पिस्तुलाला बसणारी लहान मापाची मूठ तेवढी मागवली. चाचांनी तिचा पंजा पाहून ती कानशीने घासली, पोकळ जागी लाकडी लांबी भरली. नियमही सांभाळावे लागतात : मुठीचा कोणताही भाग हाताला वेढा घालता कामा नये, मनगट मोकळे हवे, सबंध पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या खोक्यात बसले पाहिजे. दोन महिने तिने आपल्या पाळीला ती मूठ लावली, पाळी संपली की काढली, आणि गुण वहीत लिहिले.

बेरीज फारशी वाढली नाही. 600पैकी 550च्या आसपास होती, ती चार-पाचने सरकली. पण कागदावरचे छरे, जे आधी चहूकडे विखरायचे, ते एका जागी जमू लागले. चुकले तर सगळे एकाच बाजूला चुकत. प्रशिक्षक म्हणाले, ‘‘आता हिची चूक दिसायला लागली. दिसणारी चूक सुधारता येते. पण पिस्तूल गुण देईल, या भ्रमात राहू नका.’’ ते खरेच आहे. टोकियोत 2021 साली मनू भाकरचे पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडले. त्याच मनूने 2024 साली पॅरिसला दोन कांस्यपदके मिळवली.

शेवटी मोठीलाच फोन लावला. ती म्हणाली, ‘‘अब्बा, मला सायकल मिळाली नाही म्हणून तिलाही काही द्यायचं नाही, हा कुठला न्याय? फक्त मला विचारलंत, हे बरं केलंत.’’

ठरले ते असे : नवे नाही, एका वरिष्ठ नेमबाजाचे त्याच बनावटीचे वापरलेले घ्यायचे, निम्म्या किमतीत. हवेच्या सिलिंडरवरची तारीख तपासली, कारण त्याची मुदत दहा वर्षांची असते. तीनच वर्षे उरली होती, तेवढे पैसे कमी करून घेतले. माझे साठ हजार, बाकीचे हप्त्याने. चाचांनी केलेली मूठ त्याला बसेल.

येत्या रविवारी आम्ही पेटी आणायला कोल्हापूरला जाणार आहोत. या वेळी मोठीही येते आहे. गाडीत पेटी तिने मांडीवर घ्यायची, असे दोघींचे ठरले आहे. संग्रहाचे हस्तलिखित कपाटात आहे. तेही होईल केव्हातरी.